दुखणं पाठीचं नव्हतं

घरात एखाद्याचं दुखणं निघालं की डॉक्टर सोडून सगळे डॉक्टर होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. अल्लीपूरच्या महादेवरावांकडेही तेच झालं. दोन वर्षांपूर्वी वेदश्री सून म्हणून घरात आली आणि चार-सहा महिन्यांत सगळ्यांना कळलं, की सुनेची पाठ दुखते.

मग काय विचारता! महादेवराव कास्तकार माणूस. त्यांनी घरचाच निवडक कापूस पिंजून घेतला आणि सुनेसाठी नवी गादी भरून आणली. महिन्याभरात कुणीतरी सांगितलं की पाठीला गादी वाईट, तर त्यांनीच ती काढून लाकडी फळी टाकली. सासू कोकिळाबाई रोज निर्गुडीचं तेल कोमट करून द्यायच्या. नवरा निशांत हिंगणघाटला बँकेत, त्याने कमरेला बांधायचा पट्टा आणला. आंजी गावाकडे कुणी नस बसवून देतो म्हणून तिला तीन रविवार तिकडे नेलं. त्या गृहस्थांनी अंगठ्याने पाठ अशी रगडली की चौथ्या रविवारी वेदश्रीनेच हात जोडले.

माणसं प्रेमळ, यात शंका नाही. पण गंमत ऐका. या घरात खरं दुखणं कुणाला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. सगळ्यांना दिसत होतं. फक्त बोलायचं कसं, हा प्रश्न होता, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला ‘पाठ’ असं नाव देऊन टाकलं होतं.

वेदश्रीची छाती फार जड होती. झालं, लिहून टाकलं, आता पुढे सरळ बोलू.

कॉलेजात असल्यापासून ती खांदे पुढे ओढून, वह्या उराशी धरून चालायला शिकली होती. खांद्यांवर ब्रेसियरच्या पट्ट्यांचे दोन वण पडले होते, बोट ठेवलं तर बोट बसावं इतके खोल. दुपारपर्यंत मान आखडायची, हाताला मुंग्या यायच्या. आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. एप्रिल लागला की छातीखाली घामोळं, मग ते चिघळणं, मग पावडर आणि सुती रुमालाच्या घड्या. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. हात वर उचलून लिहिणं जमेना, म्हणून फळ्याचा खालचा अर्धाच भाग वापरायची. खेळाच्या तासाला पोरं ‘मॅडम, तुम्ही पण या’ म्हणून ओढायची आणि ती शिट्टी घेऊन कडेला उभी राहायची. बसस्टँडवरच्या नजरांचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी त्या टाकल्या त्यांना त्या ठाऊक आहेत.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती कुणाला न सांगता एसटीत बसली आणि वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टर नमिता यांनी तिला तपासलं, पाठीचे एक्स-रे पाहिले, खांद्यावरच्या वणांवरून हलकेच बोट फिरवलं.

“तुमची पाठ ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. “दुखणं छातीच्या वजनाचं आहे. ते कमी करायची शस्त्रक्रिया असते. दोन्ही बाजू मिळून दीड-दोन किलो तरी काढता येईल.”

अठ्ठावीस वर्षांच्या वेदश्रीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हे तोंडावर, न लाजता सांगितलं होतं. ती तिथेच रडायला लागली. डॉक्टरांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला, तिला रडू दिलं आणि मग विचारलं, “मूल व्हायचंय?”

“हो,” वेदश्री म्हणाली. “एक-दोन वर्षांत.”

“मग एक गोष्ट आधीच सांगते. या शस्त्रक्रियेनंतर अंगावर पाजता येईलच, याची हमी मी देणार नाही. घाई नाही. घरी बोला, विचार करा, मग या.”

आता खरी पंचाईत इथे होती. कोकिळाबाई म्हणजे नुसती सासू नव्हे. त्या गावच्या अंगणवाडी सेविका. सव्वीस वर्षं झाली. गावातली निम्मी तरणी पोरं त्यांच्याच काट्यावर वजन करून मोठी झालेली. दर ऑगस्टमध्ये स्तनपान सप्ताह आला की कोकिळाबाई पदर खोचून उभ्या राहायच्या, आणि आईच्या दुधावर असं बोलायच्या की तालुक्याच्या मॅडमनीही वहीत उतरवून घ्यावं. एखादीच्या घरी दुधाची बाटली दिसली की तिची धडगत नसायची. अशा बाईच्या घरची सून आता म्हणणार होती, की माझ्या छातीचं ऑपरेशन करायचं आहे, आणि तेही मूल व्हायच्या आधी.

वेदश्रीने आधी निशांतला सांगितलं. तो तसा चांगला मुलगा, पण बोलायची वेळ आली की त्याचा कंठच बसतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, तिचा हात हातात धरला आणि म्हणाला, “आईले सांगा लागीन.”

जेवणं झाल्यावर वेदश्रीनेच सांगितलं. सरळ, नाव घेऊन. महादेवराव ‘गुरं पाहून येतो’ म्हणून उठले. गुरं विकून तीन वर्षं झाली होती.

कोकिळाबाईंनी उष्टी ताटं बाजूला सारली. मग म्हणाल्या, “अन् लेकराले काय पाजशीन?”

“आई, डॉक्टर म्हणाल्या की पाजता येऊ शकते. फक्त खात्री नाई.”

“खात्री नाई, तं मंग करतंच काऊन? आधी लेकरू होऊ दे. मंग काय करायचं थे कर. मी नाई म्हणतो का?”

“लेकरू झाल्यावर म्हणजे कधी, आई?” वेदश्रीचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. “एक झालं की दुसरं. दोन-दोन वर्षं पाजायचं, हे तुम्हीच गावाले सांगता. म्हणजे सहा-सात वर्षं झाली. अन् दिवस राह्यले की हे अजून जड होईन. मले आत्ताच पाण्याची गुंडी उचलवत नाई, तं लेकरू कसं उचलू?”

“साऱ्याच बाया उचलते.”

“मले पाजायचं नाई, असं म्हटलं का मी? मले बी वाटते, आपलं लेकरू आपल्या अंगावर प्यावं. मले दोन्ही पाह्यजे. पण दोन्हीची खात्री कोणी देऊन नाई राह्यलं, अन् निवडायचं मले एकटीले आहे.”

एवढं बोलून ती आत गेली. घरात त्या दिवशी निर्णय झाला असं सगळ्यांनी धरलं. आधी लेकरू, मग ऑपरेशन. आपल्याकडचे बरेच निर्णय असेच होतात, ज्याच्या अंगावर बेतायचं तो उठून गेल्यावर!

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोकिळाबाई जयाबाईंकडे गेल्या. जयाबाई म्हणजे गावच्या उपकेंद्राच्या जुन्या सिस्टर, आता निवृत्त. दोघींनी वर्षानुवर्षं घरोघरी लसी आणि गोळ्या पोचवलेल्या. वेदश्री जयाबाईंना मानते, तेव्हा त्यांनी दोन शब्द सांगितले तर ती ऐकेल, असा कोकिळाबाईंचा हिशेब.

जयाबाई अंगणात कुरडया घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “किती वजन काढतो म्हणे डॉक्टरीन?”

“दीड-दोन किलो.”

जयाबाई उठल्या. घरातून तुरीच्या डाळीच्या किलो-किलोच्या दोन पिशव्या आणि एक जुना दुपट्टा घेऊन आल्या. दुपट्ट्याच्या दोन टोकांना दोन पिशव्या बांधल्या आणि तो कोकिळाबाईंच्या गळ्यात अडकवला.

“हे काय करून राह्यली, जया?”

“काई नाई. कुरडया घालू लाग मले. हा घाणा होईपर्यंत गळ्यातून काढू नको.”

कोकिळाबाई हट्टी बाई, माघार घेणं ठाऊक नाही. बसल्या. वाकून कुरडई घालायची तर पिशव्या खाली लोंबायच्या, सरळ बसलं तर दुपट्टा मानेत रुतायचा. अर्ध्या तासात त्यांनी तीनदा खांदा बदलायचा प्रयत्न केला. पाऊण तासाने मान चोळायला लागल्या. चैत्राचं ऊन, गळ्याखाली घामाच्या धारा.

“काढू का वो आता?” शेवटी त्यांनी विचारलं.

“काढ. तुले काढता येते, तं काढ.”

कोकिळाबाईंनी दुपट्टा काढला आणि मांडीवर घेऊन बसल्या. जयाबाई पुढे काही बोलल्या नसत्या तरी चाललं असतं, पण त्या बोलल्या. बरं झालं बोलल्या.

“कोकिळा, एक विचारतो, राग नको मानू. निशांत झाला, तवा तुले टायफाइड झालता. दूध आटलं. आठवते ना?”

कोकिळाबाईंनी मान खाली घातली.

“पोट्ट्यानं काय पेलं मंग? बकरीचं दूध. मीच उकळून देत होतो. तवा आपल्याले तेवढंच समजे. पोरगा वाढला, शिकला, बँकेत लागला. तू आई नोहे का त्याची?”

आता मंडळी, या प्रश्नावर कोकिळाबाई रडल्या. तीस वर्षं कुणालाही न सांगितलेलं त्या दिवशी कुरडयांच्या चादरीपाशी बसून त्यांनी सांगितलं. “सासू म्हणे, हिच्यात दूधच नाई, हिले लेकराची मायाच नाई. मले खरंच वाटे, जया, का मी अर्धीच आई आहो. मंग नोकरी लागली, अन् मी साऱ्या गावाले दुधाचंच सांगत सुटली. मले जे जमलं नाई थे दुसरीनं तरी करावं म्हणून.”

“दूध चांगलंच आहे. थे सांगायचं सोडू नको,” जयाबाई म्हणाल्या. “ज्या बाईले येते, तिनं पाजावंच. पण जिले येत नाई तिले आरोपी नको करू. अन् तुही सून तं अजून आई झालीच नाई. न झालेल्या लेकराच्या दुधापायी तू जित्या पोरीले दुखणं सोसायला लावून राह्यली. तुह्या सासूनं तुले जे केलं, थेच तू तिले करशीन का?”

एका बाईला तिच्या मैत्रिणीने याहून मोठं काही द्यावं, असं मला वाटत नाही. खरं बोलणारी मैत्रीण ज्या बाईला आहे तिने देवाचे आभार मानावेत.

संध्याकाळी वेदश्री शाळेतून आली, तेव्हा कोकिळाबाई ओसरीवर वाट पाहत होत्या. त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि टायफाइडपासून बकरीच्या दुधापर्यंत सगळं सांगितलं. निशांत दारात उभा होता. ही गोष्ट त्यालाही नवीनच. तो पुढे आला आणि आईच्या पायाशी बसला.

“मले त्या डॉक्टरनीकडे घेऊन चाल,” कोकिळाबाई सुनेला म्हणाल्या. “मी तुले कर म्हणत नाई अन् नको कर बी म्हणत नाई. पण मले नीट समजून घ्यायचं आहे. काल मी न समजताच बोलली.”

वर्ध्याला त्या दोघीच गेल्या. कोकिळाबाईंनी अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानावर प्रश्न लिहून आणले होते. दूध जिथून येते थो भाग ठेवता का? किती जणींले मंग पाजता येते? टाके किती दिवस? दिवस कधी राहू द्यायचे? डॉक्टर नमिता हसल्या आणि एकेका प्रश्नाचं उत्तर द्यायला लागल्या.

“शस्त्रक्रिया अशा पद्धतीने करता येते की स्तनाग्र आतल्या दूधग्रंथींशी जोडलेलं राहतं. अशा बऱ्याच जणी पुढे अंगावर पाजतात. काहींना थोडं येतं, वरचं द्यावं लागतं. काहींना येत नाही. या कुठल्या गटात जातील, हे आज मी सांगू शकत नाही. जे सांगतात ते खोटं सांगतात. वण राहतील. काही ठिकाणी बधिरपणा राहू शकतो. नंतर साधारण वर्षभर दिवस राहू देऊ नका. आणि गरोदरपणात आकार पुन्हा थोडा वाढू शकतो, हेही आजच ऐकून ठेवा.”

“म्हणजे आधी लेकरू होऊ द्यावं का?”

“तसं करणाऱ्याही आहेत. तेही चूक नाही.”

“मंग बरोबर कोणतं?” कोकिळाबाईंनी पेन खाली ठेवलं.

“ते मला नका विचारू,” डॉक्टर म्हणाल्या आणि वेदश्रीकडे वळल्या. “यांना विचारा.”

कोकिळाबाई सुनेकडे वळल्या. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. सव्वीस वर्षं बायांना काय करायचं ते सांगणाऱ्या बाईने त्या क्षणी तोंड मिटून ठेवलं, याला किती बळ लागलं असेल ते तुम्हीच ठरवा.

वेदश्रीने लगेच उत्तर दिलं नाही. तिने आठ दिवस घेतले. या मुलीचं मला कौतुक वाटतं ते इथेच. रागाच्या भरात तिने हो म्हटलं नाही, की सगळ्यांना खूश करायला नाही म्हटलं नाही. ती शाळेत जात राहिली, स्वयंपाक करत राहिली आणि मनात दोन्ही पारडी भरत राहिली. नंतर पस्तावा झाला तर? बाळ रडलं आणि अंगावर काही नसलं तर? हे प्रश्न तिने टाळले नाहीत. एका दुपारी ती निशांतशी बोलली, त्याला म्हणाली, “मले घाबरल्यासारखं होते.” तो म्हणाला, “मले बी. पण तू जे ठरवशीन, त्यात मी संगं आहो.” निशांतने एका दमात बोललेलं हे बहुधा सर्वांत मोठं वाक्य.

आठव्या दिवशी तिने सासू-सासऱ्यांना बोलावलं. या वेळी महादेवराव उठले नाहीत.

“मी लेकरू झाल्यावर नाई, आधीच करणार आहे,” ती म्हणाली. “सात वर्षं दुखत राहून आई व्हायचं, का बरी होऊन आई व्हायचं, एवढंच मी स्वतःले विचारलं. दूध आलं नाई तर मले वाईट वाटन. लय वाईट वाटन. पण थे दुःख मी सोसू शकतो, असं मले वाटते. हे रोजचं आता नाई सोसवत.”

महादेवरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून हातात घेतलं. मग म्हणाले, “सुट्ट्या कवा लागते तुह्या शाळेले?”

मे महिन्याच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. सगळं गोड-गोड झालं असं मी सांगणार नाही. एका बाजूचा टाका चिघळला, तो भरायला तीन आठवडे जास्त गेले. त्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून तिने बरेच दिवस काढले आणि कोकिळाबाईंनी मलमपट्टी स्वतःच्या हाताने केली. पण जूनअखेर शाळा उघडली तेव्हा मान ताठ होती, आणि हिंगणघाटच्या दुकानात तिने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मापाचा तयार कुर्ता घेतला. शिंप्यापुढे अवघडून उभं राहावं लागलं नाही. घरी येऊन ती तो घालून नुसतीच आरशापुढे उभी राहिली.

गावात कुजबुज झाली, होणारच. त्याशिवाय गाव कसलं? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अंगणवाडीत मातांची बैठक भरली. कोकिळाबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच पुढच्या रांगेतल्या एका जिभेच्या तिखट बाईने विचारलं, “का वो बाई, आमाले तुम्ही दुधाचं सांगता. अन् तुमच्या घरी सुनेचं कायचं ऑपरेशन झालं म्हणे?”

सगळ्या बायांच्या नजरा दाराकडे वळल्या. वेदश्री दारातच उभी होती. सासूचा डबा द्यायला ती आली होती.

“छातीचं झालं,” कोकिळाबाई म्हणाल्या. “वजन होतं, मान मोडून राह्यली होती, म्हणून केलं. तिनं ठरवलं अन् आम्ही संगं गेलो.”

“अन् उद्या लेकराले दूध आलं नाई मंग?”

“आलं तं पाजीन. मी सांगतो म्हणून नाई, तिच्याच मनात आहे म्हणून. अन् नाई आलं तं मी आहो ना. डॉक्टर सांगन थे दूध, अन् वाटी-चमचा घेऊन बसीन नातवापाशी. माह्या निशांतले बी माह्या अंगचं दूध भेटलं नाई. आटलं होतं माहं. तीस वर्षं झाली, आज पह्यल्यांदा सांगून राह्यली तुमाले.”

कुणी हसलं नाही. कोकिळाबाईंनी पुढे आईच्या दुधाबद्दल नेहमीचंच सगळं सांगितलं, एक अक्षर कमी केलं नाही. पण शेवटी त्यात एक वाक्य वाढवलं, की ज्या बाईला अडचण असेल तिने लपवू नये, माझ्याकडे यावं, मी रागावणार नाही.

बैठक उठली. बाया गेल्या. मोहिनी नावाची एक नवी आई तेवढी कोपऱ्यात तीन महिन्यांचं बाळ घेऊन बसून राहिली. कोकिळाबाई जवळ गेल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, “बाई, मले पुरतच नाई वो. मी तुमच्या भेवानं सांगत नव्हती.” आणि तिने पदराखालून बाटली काढली. त्या बाटलीकडे पाहून कोकिळाबाई खाली बसल्या. त्यांनी बाटली बाजूला ठेवली, बाळाला आपल्या मांडीवर घेतलं आणि वेदश्रीला म्हणाल्या, “जा वो बाई, घरून वाटी अन् चमचा उकळून आण. बाटली नीट धुवल्या जात नाई, वाटीनंच पाजू.” वेदश्री पळतच गेली.

मंडळी, मूल आधी की शस्त्रक्रिया आधी, याचं एकच उत्तर मी तुम्हाला देणार नाही. वेदश्रीचं उत्तर वेदश्रीचं. दुसरी थांबेल, तिसरी कधीच करणार नाही, आणि त्यांचंही बरोबरच असेल. पण दुखण्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. ज्या देहाला दुखतं त्या बाईला आधी विचारा, आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. आईपण दुधाने सुरू होत असेल, पण दूध नसलं म्हणून ते कमी होत नाही. आणि आई व्हायच्या आधीही बाई माणूस असते. तिला बरं वाटण्याचा हक्क आहे, आज, आत्ता, कुणाचीही आई होण्याची वाट न पाहता.